शिडी, माळ आणि परांची

इमारतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं परांचीचा इतिहास लिहिलेला नाहीं, आणि याबद्दल त्यांस फारसा दोष देतां येत नाहीं. देऊळ पुरें झालें कीं परांची सोडतात. कळक दुसऱ्या कामावर जातात, सुंभ चुलींत जातो, आणि आडव्या वाशांसाठीं भिंतींत ठेवलेलीं भोकें गवंडी चुन्यानें बुजवून टाकतो. ज्या साधनावांचून शिखरावर कळस चढला नसता, त्याचें स्वतःचें असें कांहींच मागें राहत नाहीं. देवळाच्या शिलालेखांत दात्याचें नांव येतें, कुळ येतें, संवत्सर येतो. क्वचित् कारागिराचेंहि नांव येतें. पहाड बांधणाराचें नांव तेथें शोधूं गेल्यास पदरीं निराशाच यावयाची.

उंचीवर काम करण्याच्या साधनांचा आज जगभर मोठा व्यापार चालतो. लोखंडी नळांच्या परांच्या, ॲल्युमिनियमच्या शिड्या, माणसाला उचलून अधांतरीं धरणारे यांत्रिक पाळणे हीं सारीं भाड्यानें मिळतात, विकतहि मिळतात, आणि त्यांच्या मागणीची चढउतार व्यापारी मंडळी बारकाईनें न्याहाळीत असतात. या व्यापाराकडे इतिहासाच्या बाजूनें पाहावें, आणि त्यासाठीं लंडनकडे वळण्यापूर्वीं जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांकडे वळावें, असें आम्हांस वाटतें. इतक्या लहान टापूंत, इतक्या निरनिराळ्या काळांतील, चढण्याच्या इतक्या तऱ्हा एकत्र पाहावयास मिळणें कठीण. आणि त्या पाहतां पाहतां एक गोष्ट मनावर ठसत जाते: चढण्याच्या साधनावर किती खर्च करावयाचा हें नेहमीं वर काय मिळणार यावरून ठरत आलें, चढणाराच्या जिवावरून तें ठरल्याचीं उदाहरणें थोडीं.

या मुलखांत पारगांव नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत, म्हणून जुन्या महसुली रिवाजाप्रमाणें त्यांच्यामागें 'तर्फे' लावावें लागतें. जुन्नर तालुक्यांतील तें पारगांव तर्फे आळें, आणि आंबेगांव तालुक्यांतील तें पारगांव तर्फे अवसरी बुद्रुक. या दुसऱ्या पारगांवीं दत्तात्रयनगर येथें भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. हा सारा पूर्वेकडचा भाग उंसाचा आणि पाटपाण्याचा. कारखान्याचें धुराडें वगळलें तर मान वर करून पाहावें असें येथें फारसें कांहीं नाहीं. उंची पाहावयाची ती पश्चिमेस, सह्याद्रीच्या रांगेकडे. येथील शेतकऱ्याला शिडी आठवते ती बहुधा विहिरीच्या संबंधानें. उंसांत वाढलेला बिबट्या रात्रीं विहिरींत पडतो, सकाळीं गांव गोळा होतो, आणि वनखात्याचे लोक त्याला वर घेण्यासाठीं खालीं पिंजरा, नाहींतर बाज, नाहींतर साधी शिडी सोडतात. अशा शिडीवर बिबट्या कोणाच्या शिकवणीवांचून चढतो. असो, आपल्याला माणसांच्या शिड्यांकडे वळावयाचें आहे.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत मिळून सुमारें दोनशें लेणीं आहेत. तुळजालेणीं, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्रि हे त्यांतील मुख्य समूह. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास हें काम सुरू झालें आणि सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत चाललें, असें अभ्यासक मानतात. लेण्याद्रीच्या चैत्यगृहांत उभें राहून कमानदार छताकडे पाहिलें कीं प्रेक्षकाच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, कीं एवढ्या उंचीवर पाथरवटाचा हात पोहोंचला तरी कसा? उत्तर मोठें मौजेचें आहे. हात वर पोहोंचविण्याची गरजच पडली नाहीं. लेणें कोरतात तें छतापासून खालीं. कड्याच्या वरच्या अंगास आधीं पोकळी पाडावयाची, छत पुरें करावयाचें, आणि मग पायांखालचा खडक उतरवीत उतरवीत जमिनीपर्यंत यावयाचें. खांबाचें शीर्ष आधीं घडतें, बैठक शेवटीं. न फोडलेला खडक हीच पाथरवटाची परांची. काम संपत आलें म्हणजे तीहि चिपांच्या रूपानें डोंगराच्या उतारावर लोटली जावयाची. मानमोडीवरील भूतलिंग समूहांतल्या चैत्यगृहाची दर्शनी बाजू नटलेली, आणि आंतील काम मात्र अपुरें आहे. अशीं मध्येंच थांबलेलीं लेणींच आपल्याला कामाचा क्रम सांगतात. पूर्ण झालेलें लेणें या बाबतींत मुकें असतें.

चढण्याच्या साधनाला एवढें संपूर्ण रजा देणारी दुसरी बांधकामाची रीत आम्हांस माहीत नाहीं. तथापि सारेंच काम या युक्तीनें होण्यासारखें नव्हतें. कड्याच्या पोटांतील पहिल्या घावाला पायांखालीं खडक नसतो. तेथें वरून सोडलेला दोर किंवा खालून काढलेली वाट, याशिवाय तिसरा मार्ग नाहीं. छत रंगवावयाचें तर तें खालचा खडक निघून गेल्यावरच रंगविणें सोयीचें, आणि शिवनेरीच्या लेण्यांतील छतांवर रंगाचे अवशेष अद्याप दिसतात. तेथें लांकडाची किंवा वेळूची परांची उभी राहिली असलीच पाहिजे.

वेळूचें नांव निघालें म्हणून एका शिलालेखाची आठवण करून देतों. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, त्यांत जुन्नरच्या लेखांचा भरणा मोठा आहे. त्यांपैकीं एकांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दान केल्याचें सांगितलें आहे. दुसऱ्या एकांत ठेवीची गोष्ट आहे: दात्यानें रक्कम ठेवली ती दोन श्रेणींकडे, वसकारांच्या आणि कासकारांच्या. कासकार म्हणजे कांशाचें काम करणारे. आणि वसकार म्हणजे, विद्वानांच्या अर्थाप्रमाणें, वेळूचें काम करणारे. या श्रेणीनें परांच्या बांधल्या असें लेख म्हणत नाहीं, आणि आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु ज्या धंद्याच्या संघाकडे धर्मादायाचा पैसा व्याजीं ठेवावा एवढी त्याची पत होती, त्या धंद्याला या नगरांत बारमाही गिऱ्हाईक असलें पाहिजे, हें अनुमान धाडसाचें होणार नाहीं. सातवाहनांच्या काळीं जुन्नर ही नाणेघाटाच्या तोंडची पेठ. कोंकणांतून वर चढणारा माल पाट्या, करंड्या, डाल्या यांवांचून चढत नव्हता. ज्याला त्या काळीं लोक पेढी समजत, तो वेळूचा कारागीर पुढें गांवाच्या कडेला कसा ढकलला गेला, आणि बुरूड या नांवाला हलकेपणा कसा चिकटला, हा आपल्या समाजाच्या इतिहासांतील एक प्रश्न आहे. आमच्या विद्यापीठांतून श्रेणींवर निबंध पुष्कळ लिहिले जातात. बुरूडआळींत जाऊन मागचा धागा शोधणारे थोडे.

लेण्यांकडून किल्ल्यांकडे आलें कीं साधनाचा हेतु पालटतो. लेण्याची पायरी भाविकाला वर घेण्यासाठीं असते. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या चढून आजहि गणेशभक्त गिरिजात्मजाच्या दर्शनास जातात, आणि ज्यांना चढवत नाहीं त्यांस डोलीवाले खांद्यांवर घेऊन जातात. किल्ल्याची पायरी मात्र मित्राला वर घेण्यासाठीं आणि शत्रूला थोपविण्यासाठीं अशी दुहेरी कामाची. ती मुद्दाम उंच, अरुंद आणि वळणाची काढावयाची. शिवनेरीला एक वाट सात दरवाजांची आणि दुसरी साखळीची. या दुसऱ्या वाटेवर खडकांत खोबण्या आहेत आणि आधाराला लोखंडी साखळी लावलेली आहे. राजमार्गाला सात दरवाजे आणि सामान्याला एक साखळी, ही वांटणी कोणी ठरवून केली नसेल. परंतु ती डोळ्यांत भरल्यावांचून राहत नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासांत 'माळ लावणें' हा शब्दप्रयोग भेटतो. ही माळ म्हणजे दोराची शिडी. ती गुंडाळून पाठीवर नेतां येते, आवाज करीत नाहीं, आणि काम झाल्यावर वर ओढून घेतां येते. जुन्नर शहरानें या साधनाचा प्रताप एकदां स्वतः अनुभवला आहे. १६५७ च्या एप्रिलची ३० तारीख, रात्रीची वेळ. त्या वेळीं जुन्नर मोंगलांच्या अमलाखालीं होतें. शिवाजीमहाराजांचे लोक दोराच्या शिड्यांनीं तटावर चढले, पहारा कापून काढला आणि तीन लक्ष होन, दोनशें घोडे व जडजवाहीर घेऊन गेले. ज्या शहराच्या माथ्यावरच्या किल्ल्यांत महाराजांचा जन्म झाला, त्याच शहरांत त्यांना शिडी लावून शिरावें लागलें, हा योग इतिहासांत सहसा जुळून येत नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनेंहि पाहा. एका बाजूस कांहीं हात दोर, दुसऱ्या बाजूस तीन लक्ष होन. चढण्याच्या साधनावर एवढा नफा आमच्या माहितींत दुसऱ्या कोणीं मिळविलेला नाहीं.

पुढें ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाण्याचा कडा चढून तानाजी मालुसऱ्यानें प्राण दिला. त्या रात्रीची कथा लोकांच्या तोंडीं आहे ती घोरपडीची. घोरपडीला दोर बांधून ती कड्यावर फेंकली, तिनें नख्या रोवल्या आणि मावळे वर चढले, ही हकीकत इतिहासकार मान्य करीत नाहींत, आणि मोठ्या माणसाचें वजन घोरपड पेलील कीं नाहीं याची शंका शाळेंतील मुलालाहि येते. आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच गोष्टीकडे. लोकांनीं घोरपडीला नांव दिलें, तिला यशवंती म्हटलें, आणि तो दोर वळणाऱ्या हातांची मात्र कोणासहि आठवण झाली नाहीं. अंबाडी भिजत घालून, सोलून, वळून, पीळ देऊन, माणसांच्या वजनाला आणि धारेच्या खडकाला टिकेल असा दोर करणें ही कांहीं रात्रींत होणारी गोष्ट नव्हे. ज्याचा दोर त्या रात्रीं तुटता तर कोंढाणा मिळता ना, त्या कारागिराला कथेंत घोरपडीच्या शेपटीएवढीहि जागा मिळाली नाहीं.

शिडीला एवढें महत्त्व होतें हें शत्रूनें जितकें ओळखलें, तितकें कदाचित् आपणहि ओळखलें नाहीं. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या एप्रिल-मे महिन्यांत, मेजर एल्ड्रिज याच्या फौजेनें जुन्नरभोंवतालचे किल्ले घेतले. चावंडावर तोफांचा मारा झाला आणि तो शरण आला. मागोमाग जीवधनहि गेला. किल्ले हातीं आल्यावर त्यांचें काय करावयाचें हा प्रश्न इंग्रजांपुढें होता. प्रत्येक माथ्यावर शिबंदी ठेवावयाची तर खर्च न परवडणारा. तट पाडावयाचे तर महिने मोडणार. त्यांनीं स्वस्त उपाय काढला: पायऱ्यांना सुरुंग लावले. चावंडाच्या खडकांत कोरलेल्या पायऱ्या, जीवधनच्या पायऱ्या दारूनें उडविल्या गेल्या. तट, टाकीं, कोठारें वर जशींच्या तशीं राहिलीं. तेथें जाण्याची वाट तेवढी गेली. पिढ्यानुपिढ्या छिन्नीनें काढलेली वाट कांहीं मण दारूनें नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर किल्लाहि किल्लेपणानें नाहींसा झाला. आतां चावंडावर चढणाराला लोखंडी कठडे धरून त्या उखडलेल्या जागेवरून जावें लागतें. भीमाशंकरला कोंकणांतून, खांडसच्या बाजूनें, येणारी एक वाट तर लोखंडी शिड्यांमुळें शिडीघाट याच नांवानें ओळखली जाते. सरळ वाट गणपतिघाटाची. परंतु पाय धड असलेला तरुण शिडीघाटच पसंत करतो.

आतां किल्ले सोडून घरांकडे यावें. वाडे, देवळें, मशिदी, आणि पुढें इंग्रजी अमलांतील कचेऱ्या व आगगाडीचीं स्टेशनें, हीं सारीं आपल्याकडे कळकाच्या परांचीवर चढलीं. तिची रचना साधी आहे. उभे कळक जमिनींत पुरावयाचे, त्यांना आडवे कळक सुंभानें बांधावयाचे, आणि भिंतीकडे जाणाऱ्या आंखूड वाशांचीं टोकें भिंतींतच ठेवलेल्या भोकांत बसवावयाचीं, वर फळ्या. इमारत जसजशी चढेल तसतशी परांचीहि चढते. तिला खिळा नाहीं, सांधा नाहीं. सगळी भिस्त गांठीवर. बांबू हें या कामाला देवानें दिलेलें लांकूड आहे. पोकळ म्हणून हलकें, पेऱ्यांमुळें ताठ, आणि मोडावयाच्या आधीं कुरकुरून सूचना देणारें. परंतु त्याच्या खोडी गांवच्या बुरुडाला जितक्या ठाऊक असतात तितक्या कंत्राटदाराला नसतात. तीन वर्षांच्या आंतला बांबू परांचीला घेऊं नये. पावसाळा सरल्यावर तोडलेल्याला कीड कमी लागते. एकदां उभा चिरलेला कळक पुन्हां उभा करूं नये. या तीन गोष्टी पाळल्या तर खर्च वाढतो. न पाळल्यास तो कोणाच्या खात्यावर पडतो हें सांगावयास नको.

लोखंड या धंद्यांत आलें तें लंडनमधून. तेथेंहि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लांकडी सोट आणि दोर यांच्याच परांच्या होत्या. डॅनिअल पामर-जोन्स या गृहस्थानें दोराच्या गांठीऐवजीं धातूचा आंकडा काढला, आणि १९१३ सालीं बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी बाजूचें काम चाललें असतां त्याच्या साधनाचा उपयोग झाला. गांठीची जागा आंकड्यानें घेतल्यावर सोटाची जागा नळानें घेणें ओघानेंच आलें. या घटनेचें मर्म आमच्या मतें लोखंडाच्या बळापेक्षां त्याच्या सारखेपणांत आहे. दोन बांबू कधींहि एकसारखे नसतात. नळ मात्र एका मापाचा. परांचीच्या नळाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, मग तो मुंबईंत घ्या कीं मँचेस्टरांत. म्हणून एका कारखान्याचा आंकडा दुसऱ्याच्या नळाला बसतो, नळ मोजून देतां येतात, मोजून परत घेतां येतात, आणि मोडले तरी मोडीच्या भावानें विकतां येतात. जें मोजतां येतें तेंच निर्धोकपणें भाड्यानें देतां येतें. परांची ही गवंड्याची कला होती ती व्यापाऱ्याची वस्तु झाली, ती या एका गुणामुळें. १९७० च्या दशकांत इंग्लंडांतच वाटीसारख्या सांध्यांत आडवा नळ अडकवून हातोडीच्या एका घावानें घट्ट करावयाची रीत निघाली. ती आपल्याकडे 'कपलॉक' या नांवानें रूढ आहे, आणि गांवाकडच्या सेंट्रिंगवाल्याच्या तोंडींहि हा शब्द आतां सुंभ-काथ्यासारखा बसला आहे.

भारतांत लोखंडी परांचीचें मानक १९६४ सालीं ठरलें, नळांच्या परांचीची कार्यसंहिता १९६७ सालीं निघाली; परांचीच्या सुरक्षिततेची १९८७ सालीं आणि शिड्यांची १९९१ सालीं सुधारून निघाली. कागदावर आम्ही जगाच्या फार मागें कधींच नव्हतों. बाजारांत मात्र कळक आणि नळ हे दोघे अजूनहि शेजारीं शेजारीं नांदतात. मोठ्या शहरांतील उंच इमारतीला नळ, लहान गांवच्या दुमजली घराला कळक, आणि नव्या स्लॅबखालीं कधीं दोघेहि, अशी वांटणी आहे. ज्याला एकदांच घर बांधावयाचें त्याला विकतचा नळ परवडत नाहीं आणि भाड्याचा नळ दिवसागणिक चढत जातो. पावसानें काम आठ दिवस थांबलें तरी भाडें थांबत नाहीं. म्हणून तो कळक घेतो, आणि काम झाल्यावर मांडवाला, गोठ्याला वापरतो. शेतकऱ्याची ही काटकसर आम्हांस मुळींच हास्यास्पद वाटत नाहीं.

बांबूच्या वाटेंत कायद्यानें घातलेला एक विचित्र खोडा मात्र येथें सांगितला पाहिजे. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणतें. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें त्याला झाडांत घातलें. परिणामीं स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेणाराला ठिकठिकाणीं परवान्यांचे हेलपाटे पडत. वनाबाहेर लावलेला बांबू या व्याख्येंतून मोकळा झाला तो २०१७ सालच्या दुरुस्तीनें, म्हणजे नव्वद वर्षांनीं. एवढ्या अवधींत लोखंडानें बाजार काबीज केला यांत नवल तें काय?

बांबू हा मागासलेल्यांचा आणि लोखंड हें सुधारलेल्यांचें, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत आहे. त्याला उत्तर हाँगकाँगचें. गगनचुंबी इमारतींचें हें शहर अगदीं अलीकडेपर्यंत बांबूच्याच परांचीवर उभें राहत आलें, आणि तेथील पहाड बांधणारे हे शिकून तयार झालेले, परवान्याचे कारागीर आहेत. २०२५ च्या मार्च महिन्यांत तेथील सरकारनें नव्या सार्वजनिक कामांपैकीं निदान निम्म्यांवर धातूची परांची असावी असें ठरविलें. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबर रोजीं तेथें दुरुस्ती चाललेल्या एका वसाहतीला आग लागून दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. सगळ्यांनीं प्रथम बोट दाखविलें तें बांबूकडे. चौकशी सुरू होतांच लक्ष गेलें तें परांचीवर टाकलेल्या निकृष्ट जाळ्यांकडे आणि खिडक्यांना लावलेल्या फेंसाच्या पत्र्यांकडे. परांचीचा पदार्थ कोणता, यापेक्षां तिच्याभोंवतीं काय आणि कोणत्या भावाचें गुंडाळलें, हा प्रश्न अधिक जाचक ठरला.

तिसरी अवस्था यंत्राची. अमेरिकेंत जॉन ग्रोव्ह यानें १९६९ मध्यें कंपनी काढून माणसाला लांब दांड्याच्या टोकाशीं पाळण्यांत उभें करून उचलणारें यंत्र बाजारांत आणलें. त्याला परांची बांधणारा लागत नाहीं, सोडणारा लागत नाहीं. चालविणारा एक पुरतो. कारखाने, विमानतळ, गुदामें येथें तें आतां आपल्याकडेहि दिसतें. जुन्नर तालुक्यांतच अशा उंचीचीं कामें आहेत. आर्वी येथें १९७१ सालीं उपग्रहदळणवळणाचें विक्रम केंद्र उभें राहिलें. खोडदला प्रो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून रेडिओदुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या झाल्या. त्यांतील चौदा मध्यवर्ती भागांत आणि बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक जाळी बसविण्याची युक्ति काढल्यामुळें या तबकड्या हलक्या झाल्या आणि खर्च आटोक्यांत राहिला. ज्या तालुक्यांत दोराच्या शिडीनें तट चढले, त्याच तालुक्यांत दोरांच्या विणीवर आकाश ऐकलें जातें.

आणि या दुर्बिणीपासून फार दूर नसलेल्या पश्चिम खोऱ्यांत, जुन्नर-आंबेगांवच्या आदिवासी पट्ट्यांत, उंचीवरचें सर्वांत जुनें काम साधनावांचून चाललेलें आहे. हिरड्याचें झाड उंच होतें. कोंवळें फळ, ज्याला बाळहिरडा म्हणतात, तें पिकण्यापूर्वीं उतरवावें लागतें, कारण बाजारांत भाव त्याचाच. महादेव कोळी कुटुंबांतील माणसें उन्हाळ्यांत या झाडांवर चढून फांद्या झोडपतात, खालीं बायकामुलें वेंचतात, आणि वाळविलेला माल औषधांच्या व्यापारांत दूरवर जातो. अनेक घरांचें वर्षाचें रोख उत्पन्न एवढेंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें यांतील पुष्कळ झाडें मोडलीं, आणि भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षें चघळला गेला. या चढणाऱ्यांसाठीं कोणत्याहि कारखान्यानें शिडी काढलेली नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें तें बरोबरहि आहे: ज्या उंचीवरून किलोमागें मिळणाऱ्या भावांत शिडीचें भाडें निघत नाहीं, त्या उंचीला बाजारांत गिऱ्हाईक नाहीं.

राहतां राहिला कायदा. १९४८ च्या कारखाना कायद्यानें कारखान्याच्या भिंतींच्या आंत पडण्याच्या भयाविरुद्ध तरतूद केली. पारगांवच्या कारखान्यांतील धुराड्यावर किंवा बॉयलरवर चढणारा मजूर अशा तरतुदींच्या कक्षेंत येतो. इमारतीच्या परांचीवरील मजुराला स्वतंत्र कायदा मिळाला तो १९९६ सालीं. त्यानें मजुरांच्या कल्याणासाठीं बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला, आणि परांची, शिडी, कठडे, सुरक्षापट्टे यांचे नियम करण्याची वाट मोकळी केली. मात्र दहांहून कमी मजुरांचें काम आणि स्वतःच्या राहत्या घराचें, दहा लाखांपर्यंत खर्चाचें काम त्यानें बाहेर ठेवलें. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेंत हा कायदा सामावून घेण्यांत आला, तेव्हां ती दहा लाखांची मर्यादा पन्नास लाख झाली. घरमालकाची कटकट वांचावी हा हेतु समजण्यासारखा आहे. परंतु पारगांवच्या एखाद्या आळींत दोन मजले चढत असतात तेव्हां तेथें गवंडी दोन आणि बिगारी चार असतात. घराचा सारा खर्च बहुधा पन्नास लाखांच्या आंतच बसतो. आणि दुसऱ्या मजल्याच्या गिलाव्यासाठीं दोन पिंपांवर टाकलेली फळी, किंवा गेल्या वर्षींच्या मांडवाचे कळक नायलॉनच्या दोरीनें बांधून केलेली परांची, ही या संहितेला दिसतच नाहीं.